पान फुटू नये म्हणून

माझं नाव शीतल आणि डोकं तापट, हा विनोद माझा नवरा गेली पंचवीस वर्षं करतोय. करू दे. डोकं तापट असल्याशिवाय माझा धंदा होत नाही. मी पटकथा मांडते. लिहीत नाही, मांडते. या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, असं मी २०३९ सालच्या फेब्रुवारीपर्यंत छातीठोकपणे सांगत असे.

कोल्हापुरात शाहूपुरीत एका छापखान्याच्या वर माझी खोली आहे. लेखक तिथे येतात. कुणी वही आणतं, कुणी फोनमध्ये बडबडून ठेवलेलं आणतं, एका महाशयांनी तर लग्नपत्रिकांच्या पाठीवर लिहून आणलं होतं. ते सगळं मी वर्ड प्रोसेसरमध्ये बसवते. दृश्याचं शीर्षक डावीकडे, त्याखाली वर्णन, पात्राचं नाव मधोमध, त्याखाली दोन्ही बाजूंनी आत घेतलेला संवाद, आणि कंसातली सूचना त्याच्याही आत. एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, असा सिनेमावाल्यांचा ठोकताळा आहे. समास जरा सरकला की सिनेमा दहा मिनिटांनी लांबतो. तरी लोक विचारतात, म्हणजे टायपिंगच ना? अशा लोकांना मी चहा विचारत नाही.

या कामातली सगळ्यात मोठी कटकट म्हणजे पान फुटणं. संवाद एका पानावर चालू होतो आणि त्याची शेवटची एक ओळ पुढच्या पानावर जाऊन लोंबकळते. वाचणारा पान उलटतो आणि तेवढ्यात त्या वाक्यातला दम निघून जातो. अख्खा संवाद पुढच्या पानावर ढकलता येतो, पण मग मागे जागा पडते आणि पानं वाढतात. म्हणून मी काय करायची, तर थोडं कापायची. एखादं 'म्हंजे कसं हाय की' उडवायचं, दोन वाक्यांचं एक करायचं, पान सावरायचं. तांदळातले खडे काढावेत तसं. लेखकांच्या ते कधी लक्षात आलं नाही, आणि मीही कधी बोलले नाही.

इंगवले मास्तरांच्या वह्या मी चौदा वर्षं मांडल्या. कागलच्या शाळेत मराठी शिकवणारे मास्तर निवृत्त झाल्यावर सिनेमे लिहायला लागले. वय आता पंचाहत्तर. दोनशे पानी वहीत, निळ्या शाईत, प्रत्येक पानावर तारीख घालून लिहिणार. लिहिणार मात्र ऐसपैस. त्यांच्या पात्राला पाणी मागायचं असलं तर ते आधी विहिरीचा इतिहास सांगणार. पण पडद्यावर त्यांचा संवाद येतो तो मोजका आणि नेमका. मोजकं लिहावं तर इंगवले मास्तरांनी, असं सगळा महाराष्ट्र म्हणतो. 'सुगीनंतर' या त्यांच्या सिनेमातलं 'रडायचं तर उभ्यानं रड' हे वाक्य आमच्याकडे निम्म्या रिक्षांच्या पाठीवर रंगवलेलं आहे.

त्या वाक्याची गोष्ट मास्तर प्रत्येक सत्कारात सांगतात. ते अकरा वर्षांचे असताना वडील गेले. अंगणात बसून रडणाऱ्या पोराला आईनं दंडाला धरून उठवलं आणि हे चार शब्द बोलली. हे ऐकून समोरच्या बायका डोळ्यांना पदर लावतात. मीही एकदा लावला होता.

तर त्यांची नवी पटकथा, 'चुलवाण'. गुऱ्हाळावर रस ज्या भट्टीवर आटवतात तिला चुलवाण म्हणतात. बंद पडायला आलेलं गुऱ्हाळ चालवणाऱ्या बहीण-भावाची ही गोष्ट मास्तरांनी सहा वर्षं दारोदार फिरवली होती आणि आता कुठे एका वाहिनीनं घेतली होती. हा शेवटचा, यापुढे हात चालत नाही, असं ते स्वतःच सांगत होते. मी पटकथा मांडून, एकशे अठरा पानांत बसवून पाठवली. आणि वाहिनीनं उगम दाखला मागितला.

हा दाखला काय असतो ते सांगते. मधल्या काळात यंत्रांनी लिहिलेल्या पटकथांचा इतका सुकाळ झाला की माणसानं लिहिलेलं कोणतं हेच कळेना. वाहिन्यांनी यंत्राचं लेखन घेणं बंद केलं, तर लोक हुशार. यंत्राकडून लिहून घ्यायचे आणि ते बघून बघून हातानं टाइप करायचे. तेव्हा एका संशोधन गटानं शब्दांकडे बघायचं सोडलं आणि बोटांकडे बघायला सुरुवात केली.

माणूस बघून टाइप करतो तेव्हा डोळा हातापेक्षा चार-सहा अक्षरं पुढे असतो. बोटं एका चालीत पडतात. मध्येच थांबतात ती नजर कागदाकडे गेली म्हणून, आणि असं थांबणं कुठेही येतं, अगदी शब्दाच्या मध्येसुद्धा. मनातून लिहिताना तसं होत नाही. तिथे बोटं वाक्याच्या तोंडाशी थांबतात, अवघड शब्दाआधी अडखळतात, पुढे जातात, मागे येतात, खोडतात. सांगितलेलं लिहून घेणाऱ्याचा ठेका आणखी वेगळा, कारण तो दुसऱ्याच्या श्वासावर थांबतो. दोन अक्षरांमधला हा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजला तर मनातलं कोणतं आणि कागदावरचं कोणतं हे सांगता येतं. आणि केलेलं काम मागे फिरवण्याची सोय देण्यासाठी आपला वर्ड प्रोसेसर प्रत्येक अक्षराची वेळ फाईलच्या पोटात कधीपासूनच साठवत होता. म्हणजे चोर पकडायचं यंत्र आत्ता निघालं, पण पावलांचे ठसे सगळ्यांनी आधीच उमटवून ठेवले होते.

दाखल्यात मजकुराच्या कडेनं पट्ट्या येतात. नक्कल असेल तिथे करडी, रचना असेल तिथे हिरवी. नक्कल केलेल्या भागाचं मूळ दाखवावं लागतं. सत्तरीपुढच्या लेखकांची हस्ताक्षरातली वही मूळ म्हणून चालते. म्हातारी माणसं लबाडी करत नाहीत असं नियम करणाऱ्यांना वाटलं असावं. त्यांनी आमच्याकडचे म्हातारे बघितलेले नाहीत.

मला काय, मी निवांत होते. सगळी करडी पट्टी येणार, वही स्कॅन करून जोडायची, संपलं.

दुसऱ्या दिवशी वाहिनीच्या अन्वी प्रभूचा मुंबईहून फोन आला. कामाला चोख मुलगी, पण बोलताना आधी सॉरी म्हणते आणि मग मुद्द्यावर येते.

"सॉरी शीतल मॅम, रिपोर्ट बघितलात का तुम्ही?"

"करडा आलाय ना सगळा?"

"नाही ना. एकतीस टक्के हिरवा आहे. संवादांमध्ये तर चाळीसच्या वर. आणि टाइप करणारी व्यक्ती एकच आहे, तुम्ही."

मी म्हटलं, "मशीन बिघडलंय तुमचं."

"मी तीनदा रन केला, मॅम. वीस टक्क्यांच्या वर ज्याची रचना त्याचं नाव लेखक म्हणून द्यावंच लागतं. दोघांच्या सह्यांचं संमतिपत्र पाठवा, मी लगेच पुढे ढकलते. नाहीतर सगळं इंगवले सरांच्या हस्ताक्षरात आहे असं दाखवा आणि त्यावरून नवी फाईल करा. आठ दिवस आहेत. त्यानंतर स्लॉट दुसऱ्याला जाईल, माझ्या हातात काही नाही."

फोन ठेवला आणि मी खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. खाली छापखान्याचं यंत्र चालू होतं आणि माझ्या पायाखालची फरशी थरथरत होती. एकतीस टक्के. मी खडे काढत होते की तांदूळच बदलत होते? खरं सांगायचं तर तो आकडा मला आवडला होता. आवडला, आणि लगेच स्वतःची इतकी चीड आली की मी खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

मग मी जुनी फाईल काढली. २०२८ सालची, 'सुगीनंतर'. दाखल्याच्या यंत्रात एक सोय आहे, लिहिताना झालं तसं ते पुन्हा चालवून दाखवतं. पान त्रेचाळीसवर नेलं. अकरा वर्षांपूर्वीची माझी बोटं पडद्यावर चालू लागली. सात ओळींचा संवाद एका चालीत उतरला आणि सातवी ओळ पुढच्या पानावर लोंबकळली. कर्सर थांबला. नुसता उघडझाप करत राहिला. खाली वेळ दिसत होती. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन. चार मिनिटं बारा सेकंदांनी सगळा संवाद खोडला गेला आणि चार शब्द उमटले. रडायचं तर उभ्यानं रड. मध्ये एकदाही न अडखळता.

ती चार मिनिटं मी काय करत होते हे मला आठवत नव्हतं. चहा प्यायला उठले असेन म्हणावं, तर यंत्र म्हणत होतं की बोटं कळफलकावरच टेकलेली होती. मी ते पाच-सहा वेळा चालवून बघितलं. मग खोलीला कुलूप लावलं आणि भर दुपारी रंकाळा तलावाला दोन चकरा मारल्या. पाय दुखायला लागले, पण डोकं काही थांबेना.

दोन नावांचं पत्र म्हणजे मास्तरांना सगळं सांगणं. ज्या एका गोष्टीसाठी लोक त्यांना मान देतात ती त्यांची नाही, हे मी कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि पत्र नाही दिलं तर 'चुलवाण' जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. मी तिसरी वाट काढली, आणि ती काढताना मला मी फार हुशार आहे असं वाटलं.

माझे बदललेले एकोणनव्वद संवाद वेगळ्या कागदावर छापून मी सकाळी कागलला गेले. मास्तर सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, बसले होते. काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी शालनकाकी, पलीकडे पावटे सोलत होत्या.

"मास्तर, माझ्या हातनं घोळ झालाय," मी म्हटलं. "तुमच्या वहीवर चहा सांडला. काही पानं गेली. या छापील प्रतीवरनं तेवढं परत लिहून द्या की. वाहिनीला तुमच्या अक्षरातच पाहिजे."

"एवढंच व्हय? आण इकडं."

त्यांनी नवी वही काढली, तारीख घातली, आणि लिहायला बसले. हात कापत होता, पण अक्षर अजून वळणदार. लिहिताना ते ओठांतल्या ओठांत वाचत होते. मी समोर बसून नखं खात होते. दहा संवाद झाले, पंधरा झाले. सोळाव्याला पेन थांबला.

"हे मी लिवलंय?"

"मग कुणी?"

"चहा सांडलेली पानं कुठं हाईत?"

"टाकली. पार लगदा झालता."

मास्तरांनी चष्मा काढला. "शीतल, तीस वर्षं मी परीक्षेला वर्गात हिंडलोय. खिशात चिठ्ठी असलेल्या पोराचं तोंड कसं असतंय ते मला चांगलं ठावं हाय. आत्ता तुझं तसं झालंय. आन गंमत अशी, की कॉपी मी करालोय."

चोरी ती चोरी, वर मीच रडायला लागले. मग सगळं सांगितलं. पान फुटणं, माझं कापणं, हिरवी पट्टी, एकतीस टक्के. शेवटी त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "उभ्यानं रड, ते?"

मी मान खाली घातली.

ते उठून आत गेले. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आले ते 'सुगीनंतर'ची वही घेऊन. पान त्यांनीच काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "वाच. मोठ्यानं."

मी वाचलं.

"लई रडू येतंय व्हय रं? येऊ दे. पर बसून रडू नगंस, बसून रडलं की माणसाला पुन्ना उठवत न्हाई. तुझी आज्जी तीन दिस बसली ती बसलीच, आन गुरं तशीच दावणीला हंबरत ऱ्हायली. तवा ऊठ. गोठ्यात जा, वैरण टाक, आन तिथं उभ्या उभ्या किती रडायचं ते रड. गुरं कुणाला सांगत न्हाईत."

पावटे सोलायचा आवाज थांबला होता. काकी म्हणाल्या, "सासूबाई अशाच बोलायच्या. लांबण लावून. आन गुरं कुणाला सांगत न्हाईत, हे तर त्यांचं कायमचं."

मास्तर खाली बसले. त्यांनी त्या निळ्या ओळींवरून बोट फिरवलं.

"अकरा वर्षं मी गावोगाव हिंडून तुझं वाक्य आईच्या तोंडात घातलं," ते म्हणाले. "घालता घालता मला ते ऐकूच याला लागलं, तिच्या आवाजात. आन तिचं खरं बोलणं मी इसरून गेलो. वहीत होतं. ट्रंकेत."

"मास्तर, मी मुद्दाम न्हाई ओ—"

"मुद्दाम केलं असतंस तर भांडलो तरी असतो." त्यांनी वही मिटली. "चहा टाकायला लावतो, तेवढा घे. मग जा तू."

मी चहा घेतला. कागलला रागावलेलं माणूसही चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नाही.

पुढचे दोन दिवस मी कुणाचं काम केलं नाही. बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठे जायचं ते कळत नसे. यंत्रानं मला सांगितलं होतं की मी लिहू शकते. आणि त्याच दमात हेही, की मी एका माणसाच्या आईचं बोलणं कापून टाकलं, का, तर पान सावरायला. दोन्ही खरंच होतं. नवरा म्हणाला, नाव घे की मग, तुझं आहे ते. मी त्याच्यावर ओरडले. त्याचं चुकलं नव्हतं, म्हणूनच ओरडले.

तिसऱ्या दिवशी मी 'चुलवाण'च्या मूळ वह्या पुढ्यात घेतल्या आणि नवी फाईल उघडली. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मास्तरांनी लिहिलं तसं उतरवलं. काना नाही की मात्रा नाही बदलली. पान फुटलं तर फुटू दिलं. विहिरीचा इतिहास राहिला, 'म्हंजे कसं हाय की' राहिलं. उतरवता उतरवता माझ्या लक्षात येत होतं की यातलं काही खरोखर पसरट आहे, आणि काही असं आहे की मी ते कापलंच कसं याचं मला नवल वाटावं. दोन दिवस लागले. पानं झाली एकशे त्रेचाळीस. दाखला आला, सगळा करडा. छापून ती प्रत, वह्यांसकट, मी कागलला पाठवली. वर चिठ्ठी लावली, हे सगळं तुमचं आहे, माझं यात काही नाही.

अन्वीला कळवलं तर ती म्हणाली, "सॉरी मॅम, पण एकशे वीसच्या वर एक पानही चालणार नाही. दोन तासांचा स्लॉट आहे. आणि मध्ये फक्त तीन दिवस उरलेत. तुम्हीच कमी करा ना, तुम्हाला जमतं."

"मी करणार नाही."

"मग कोण करणार?"

मी म्हटलं मास्तरांना विचार, आणि फोन ठेवला. ते करतील असं मला वाटत नव्हतं. पंचाहत्तरीचा माणूस, कापरा हात, त्यात माझ्यामुळे दुखावलेला. 'चुलवाण' गेलं असं मी धरूनच चालले होते.

पण मुदतीच्या आदल्या दिवशी सकाळी वह्या आल्या. उघडल्या तर सगळीकडे लाल शाई. शाळेतले निबंध तपासावेत तसे मास्तरांनी स्वतःचे संवाद तपासले होते. ओळीच्या ओळी आडव्या रेघेनं मारलेल्या, समासात सुधारणा, शेवटी पानांचा अंदाजसुद्धा. सोबत चिठ्ठी वगैरे काही नव्हती.

मी टाइप करायला बसले. बघून, एका चालीत. काही ठिकाणी मास्तरांनी असं कापलं होतं की मला जमलं नसतं. भाऊ बारा ओळी कर्जाचं रडगाणं गायचा, तिथे आता तो नुसता विचारत होता, "काकवी घेतीस थोडी?" आणि त्यात सगळं येत होतं. मला आनंद झाला आणि पोटात दुखलंही. म्हणजे त्यांना येत होतं. चौदा वर्षं कुणी करायला लावलं नव्हतं, एवढंच.

दुपारी पान एकसष्टवर आले. गुऱ्हाळाचा शेवटचा दिवस. भट्टी विझत आलेली. भाऊ बहिणीला विचारतो, थांबणार न्हाईस? मूळ वहीत तिचं नऊ ओळींचं उत्तर होतं. लाल शाईनं नऊच्या नऊ ओळी मारून मास्तरांनी वर लिहिलं होतं, 'मी जाते.'

बोटं थांबली. हे चूक होतं. सगळ्या सिनेमाचा भार ज्या वाक्यावर, तिथे त्यांनी दमून किंवा रागानं रेघ मारून टाकली होती. माझं आधीच्या फाईलमधलं वाक्य तिथे बसत नव्हतं, कारण आजूबाजूचं सगळं बदललं होतं. टाइप करून मोकळं व्हावं का? दाखला स्वच्छ येईल, सिनेमा मास्तरांचा राहील, उद्या पाठवून देता येईल. पण ती बाई असं म्हणणार नाही. ते मला इतकं पक्कं ठाऊक होतं की खुर्चीत बसवेना. पूर्वी मी अशा वेळी काय केलं असतं ते यंत्रानं मला दाखवलंच होतं. बोटं कळफलकावर ठेवून गप बसले असते, आणि मग कुणाला न विचारता बदललं असतं.

मी हात कळफलकावरून काढले आणि फोन लावला. काकींनी उचलला आणि मास्तरांकडे दिला.

"मास्तर, शीतल बोलतीय."

"बोल."

"पान एकसष्ट. ती नुसतं 'मी जाते' म्हणणार न्हाई."

पलीकडे त्यांनी घसा खाकरला.

"नऊ ओळी लई होत्या," ते म्हणाले.

"व्हय. लई होत्या. पण हे कमी हाय. ती जायाला निघालीय खरी, पण तिला जायाचं न्हाई. तुमच्या नऊ ओळींत ते होतं. ते गेलं."

"मग काय म्हणंल ती?"

चौदा वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. मी विचारू दिला नव्हता. मी काही बोलणार, तेवढ्यात ते म्हणाले, "थांब, पेन घेतो." काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, मी पाठवलेल्या छापील प्रतीची पानं वाजली. ते सावकाश, एकेक अक्षर उच्चारत लिहीत होते. "शी-त-ल चौ-गु-ले. हं. समासात तुझं नाव घातलंय. एका पानावर घालायचं आन पयल्या पानावर न्हाई, असं मला जमणार न्हाई. त्या मुंबईच्या पोरीला सांग, दोन नावांचं पत्र धाड म्हणावं, मी सही करतो. आता सांग. ती काय म्हणंल, ते मी लिवून घेतो."

खाली छापखाना चालू होता, समोर पडद्यावर ती बाई विझत्या भट्टीपाशी उभी होती, आणि कागलला पंचाहत्तर वर्षांचे मास्तर पेन उघडून माझ्या बोलण्याची वाट बघत होते. मी डोळे मिटले, उघडले, उठून उभी राहिले, परत बसले.

"मास्तर, सुचत न्हाई ओ," मी म्हटलं. "आन उद्या द्यायचंय."

"उद्याला अजून वेळ हाय," मास्तर म्हणाले. "तू घे सावकाश. मी फोन ठेवत न्हाई."